बैलाला जे ओझं नको, ते नातीला का?



मागच्या वेळी पिठाच्या मर्यादेवर लिहिलं, तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी आपापल्या घरची पद्धत कळवली. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. त्यापुढचं पीठ आपण वापरत नाही, कारण त्यात जीव पडतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची एवढी काळजी घेणाऱ्या आपण बायका. आज मला आपल्या डोळ्यांसमोर बसलेल्या जिवाबद्दल लिहायचं आहे. लेख जरा कडक आहे. राग आला तर आधी पूर्ण वाचा, मग रागवा.

यंदा डिसेंबर-जानेवारीत मी पुण्याला लेकाकडे होते. नात तीन वर्षांची झाली आहे, त्यामुळे घरात नर्सरीच्या प्रवेशाची धांदल. चार शाळांचे फॉर्म आणलेले. शिवाय नातीला एका क्लासला घातलेलं. कसला क्लास? तर शाळेत जे ‘इंटरॅक्शन’ होतं, त्याची तयारी करून घेणारा. मुलाखत म्हणायचं नाही, म्हणून इंटरॅक्शन म्हणायचं. आठ आठवडे, बारा हजार रुपये.

एक दिवस सूनबाईंना ऑफिसात उशीर होणार होता, म्हणून नातीला मी घेऊन गेले. दाराच्या काचेतून आत दिसत होतं. बाई चित्रांचे पत्ते एकेक करून दाखवत होत्या. वाघ, छत्री, विमान, सगळं नातीनं इंग्रजीत सांगितलं. मग भाज्या आल्या. बटाट्याचा पत्ता. “व्हॉट इज धिस?” नात म्हणाली, “आम्ही नाही खात.” कांद्याचा पत्ता. “आम्ही नाही खात.” गाजराचा पत्ता. “हे पण नाही.” बाईंनी कागदावर तीन फुल्या मारल्या. सुटल्यावर मला म्हणाल्या, “आजी, व्होकॅब्युलरी वीक आहे. घरी रिव्हिजन घ्या.”

रिक्षात बसेपर्यंत मला हसू येत होतं. घरी पोचेपर्यंत ते गेलं. लेकरानं आपल्या घरातलं खरं ते सांगितलं होतं, आणि खरं सांगितल्याबद्दल तिला फुली मिळाली होती.

त्याच आठवड्यात मी बाकीचंही पाहिलं. पत्त्यांचा डबा निघाला की नात कानांवर हात ठेवते. रात्री अंथरूण ओलं करायला लागली आहे, जे दिवाळीच्या आधीच थांबलं होतं. एका दुपारी बाहुलीला समोर बसवून खेळत होती. बाहुलीच्या तोंडासमोर वहीचा पुठ्ठा धरला आणि ओरडली, “राँग! परत!” आवाज हुबेहूब मोठ्या माणसाचा. कुणाचा ते मी लिहीत नाही. आमच्या घरात तीन मोठी माणसं होती, आणि त्यातली एक मी होते.

आता माझ्याबद्दल. सूनबाईंना नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही, तो मी १९८८ सालीच गमावला आहे. तेव्हा आम्ही सांगलीत होतो. माझा थोरला साडेतीन वर्षांचा होता. गावातल्या एका नावाजलेल्या इंग्रजी शाळेत त्याला घालायचं माझ्या मनानं घेतलं. मी बी.कॉम. झालेली, पण मराठी माध्यमातून आलेली. कॉलेजात इंग्रजीपायी जे अपमान सोसले, ते माझ्या मुलाला नकोत, एवढंच डोक्यात. रोज सकाळी त्याला ओट्यावर बसवून आठवड्याचे वार इंग्रजीत पाठ करून घ्यायची. सात वार म्हटल्याशिवाय दुधाचा पेला हातात द्यायची नाही. मुलाखतीच्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत पोरगं वेन्सडेला अडकलं आणि त्याची चड्डी ओली झाली. बाहेर रस्त्यावर येऊन मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. प्रवेश मिळाला नाहीच. तो घराजवळच्या मराठी शाळेत शिकला, पुढे इंजिनिअर झाला. पण पुढे सगळं चांगलं झालं म्हणून त्या दिवशीचं माझं वागणं बरोबर ठरत नाही. परवा फोनवर विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, “आई, त्या शाळेचं नाव मला आठवत नाही. धपाटा आठवतो.”

मैत्रिणींनो, दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी सातवा अध्याय, व्रतांचा. त्यात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, म्हणजे श्रावकाच्या व्रताला डाग लावणाऱ्या पाच गोष्टी. पाठशाळेत आपण ते घोकलेले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव कापणे, झेपणार नाही इतकं ओझं लादणे, अन्नपाणी अडवणे. पंडितजी हे समजावताना नेहमी बैलाचं उदाहरण देतात. बैलाला आखूड दाव्यानं बांधू नये, गाडीत जास्त माल भरू नये, वैरणीची वेळ चुकवू नये. आपण माना डोलावतो आणि मनात म्हणतो, आपल्याकडे कुठे बैल आहे? आपल्याला हे अतिचार लागतच नाहीत.

मी त्या रात्री बोटांवर मोजले. तीन वर्षांच्या मुलाला चाळीस मिनिटं खुर्चीतून उठू द्यायचं नाही, हा बंध. पाठीत धपाटा, हा वध. दूध अडवलं, तो अन्नपाननिरोध. वयाला न झेपणारं पाठांतर, ते अतिभारारोपण. राहिला छेद. वाटलं, हा तरी आपण करत नाही. मग आठवलं, क्लासच्या बाईंनी सांगितलं होतं की घरात आता मराठी बंद करा, आणि लेक-सून दोघंही लेकराशी मोडक्या इंग्रजीत बोलत होते. मराठीत अखंड बडबडणारी पोर आठ दिवसांत गप्प झाली होती. जीभ कापायला सुरी लागते असं थोडंच आहे?

कुणी म्हणेल, आजी, सूत्राचा अर्थ ताणताय. ताणत असेन. पण एक विचारते. बैलाच्या पाठीवर जे ओझं आपण पाप मानतो, ते नातीच्या पाठीवर आलं की संस्कार कसे होतात?

आणि हे काही फक्त आपल्या धर्माचं सांगणं नाही. आर. के. नारायण यांच्यासारखा लेखक राज्यसभेत गेला आणि तिथे मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावर बोलला. पुढे प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. १९९३ साली तिचा अहवाल आला, त्याचं नावच ‘ओझ्याविना शिक्षण’ अशा अर्थाचं होतं. नर्सरीच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती बंद करा, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. त्याला तीस वर्षं होऊन गेली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं तेरावं कलम तर सांगतं की प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाळणी लावायची नाही, आणि देणगीही घ्यायची नाही. चाळणी लावली तर पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत. शाळा म्हणतात, हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, आमची नर्सरी त्यात येत नाही. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाची परीक्षा घेणं वाईट आणि तीन वर्षांच्या मुलाची घेणं चालतं! या पळवाटेतून शाळा जातात, कारण आपण फॉर्म हातात घेऊन त्यांच्यामागे रांगेत उभ्या असतो.

आता थोडा हिशेब. बी.कॉम.चा तेवढाच उपयोग आयुष्यभर केला आहे. चारांपैकी जी शाळा आमच्या घरी सगळ्यात वर होती, तिचं पहिल्या वर्षाचं मी मांडून दाखवलं. क्लास १२ हजार, चार फॉर्म मिळून ६ हजार, फी ९५ हजार, बस २४ हजार, आणि ‘डेव्हलपमेंट’ म्हणून ६० हजार. एकूण १ लाख ९७ हजार. शाळा दिवसाला तीन तास, वर्षाचे साधारण दोनशे दिवस, म्हणजे सहाशे तास. तासाला सव्वातीनशे रुपयांच्या वर. बसमध्ये जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, म्हणजे वर्षाचे तीनशे तास. दोन तास शाळा आणि त्यासाठी एक तास बस, तेही तीन वर्षांच्या मुलीला. आणि त्या साठ हजारांची पावती मिळणार नव्हती. लेकाला म्हटलं, ज्या व्यवहाराची पावती नाही तो व्यवहार तुझ्या आजोबांनी दुकानात कधी केला नाही. मुलीच्या शिक्षणाची पहिली पायरीच बिनपावतीची का?

सूनबाई ऐकून घेणाऱ्यातल्या आहेत, पण गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. त्यांची बाजूही इथे मांडायला हवी. अनेकांत फक्त व्याख्यानात नको. त्या म्हणाल्या, “आई, नर्सरीत जागा नाही मिळाली तर पहिलीत मिळत नाही. तेव्हा तुम्ही सांगलीला असाल, धावाधाव आम्ही करणार. आणि इंग्रजीचं म्हणाल तर तुम्हीच सांगता ना, तुम्हाला किती त्रास झाला ते?” दोन्ही खरं आहे. भीती खोटी नाही. चांगल्या शाळा कमी आहेत, नोकरी करणाऱ्या आईला वेळ नाही, आणि इंग्रजी यायलाच हवं. मी इंग्रजीच्या विरोधात नाही. पण मला कॉलेजात त्रास झाला तो इंग्रजी उशिरा शिकले म्हणून नव्हे, वाईट शिकवलं म्हणून. तीन वर्षांच्या पोरीला पत्ते दाखवून इंग्रजी येत नाही, फक्त इंग्रजीची भीती येते. आधी घरची भाषा भरभरून येऊ दे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तीन ते आठ वर्षं हा खेळातून शिकण्याचा एकच टप्पा धरतं आणि शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं.

दुसरं एक कारण मी आपल्याच बायकांच्या तोंडून ऐकते : “जवळच्या शाळेत कसलीही मुलं येतात.” हे वाक्य ऐकलं की मला कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. आपल्याच समाजातले, कुंभोजला जन्मलेले. १९१९ साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीला बसवली. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. त्यांचा फोटो आपण कार्यक्रमात लावतो, हार घालतो, आणि नातवासाठी शाळा निवडताना विचारतो, तिथे कुणाची मुलं येतात?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला बालवाडी काढली. वस्तीतली मुलं येईनात, तेव्हा त्या बालवाडी घेऊन मुलांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी हा शब्द तिथून आपल्याकडे आला. शाळा मुलाच्या अंगणात नेणाऱ्या बायका आपल्या महाराष्ट्रात होऊन गेल्या, आणि आपण तीन वर्षांच्या मुलाला पाऊण तास बसमध्ये बसवून शाळेच्या अंगणात नेतो.

मग तयारी करायचीच नाही का? करायची. भरपूर करायची. फक्त ती पत्त्यांच्या डब्यातली नाही. मी नातीची करून घेतली ती अशी.

चड्डी स्वतः खाली-वर करता येणे, आणि “मला शू आली” हे न लाजता मोठ्यानं सांगता येणे. याच्याइतकी महत्त्वाची तयारी दुसरी नाही. डब्याचं झाकण आणि पाण्याची बाटली स्वतः उघडता येणे. नवीन डबा घेतलात तर महिनाभर आधी घरी त्यातच खायला द्या. चपलेचा डावा-उजवा पाय कळणे. आपलं नाव, आईचं नाव सांगता येणे. कुणी ढकललं तर “नको” म्हणता येणे. रोज तासभर आईशिवाय, दुसऱ्या कुणाजवळ तरी राहता येणे.

झोपेची तयारी तर आपल्या धर्मानं आयतीच करून ठेवली आहे. लेकराचं जेवण सूर्यास्ताआधी झालं की ते आठला झोपतं आणि सकाळी हाक न मारता उठतं. रात्री साडेनऊला जेवून अकराला झोपणारं मूल सकाळी रडतं, आणि मग आपण म्हणतो त्याला शाळा आवडत नाही.

आपल्या घरातली एक खास तयारी म्हणजे डबा. शाळेत शेजारच्याच्या डब्यात बटाटा असणार, अंडंही असू शकेल. लेकराला फक्त “आम्ही नाही खात” एवढं शिकवा, आणि ते हसून म्हणायला शिकवा. “शी” म्हणायला शिकवू नका. शेजारच्या मुलाची आईसुद्धा पहाटे उठून तो डबा भरते. आपला आहार पाळायचा, पण दुसऱ्याच्या अन्नाला नाक मुरडायचं नाही, हे तीन वर्षांच्या मुलाला पक्कं कळतं. मोठ्यांनाच अवघड जातं.

आणि पहिल्या दिवशी लपून निघून जाऊ नका. “आई पाणी आणते हं” म्हणून पळून जाणं हे खोटं आहे. लेकरू रडलं तरी तोंडावर सांगा, “मी जाते, डबा खाऊन झाला की येते.” आणि त्या वेळेला खरंच दारात उभ्या राहा. सत्य अणुव्रत लेकराशीही पाळायचं असतं.

शाळा बघायला गेलात तर इमारत बघू नका. मुलांचं स्वच्छतागृह बघा, त्याची कडी मुलाच्या हाताला येते का बघा. पिण्याचं पाणी कुठून येतं विचारा. एका बाईंकडे किती मुलं आहेत, ते ऑफिसात न विचारता वर्गात मोजा. रडणाऱ्या मुलाला बाई उचलून घेतात की कोपऱ्यात बसवतात, ते पाहा. सुट्टी झाल्यावर फाटकाशी दहा मिनिटं उभ्या राहा आणि बाहेर येणाऱ्या मुलांचे चेहरे बघा. दप्तर मागतात का विचारा. २०२० च्या केंद्र सरकारच्या दप्तर धोरणात बालवाडीच्या मुलांना दप्तर नकोच म्हटलं आहे. आणि शेवटी विचारा, दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मिळते का?

आमच्या घरी काय झालं ते सांगून संपवते. क्लास पाचव्या आठवड्यात बंद केला. उरलेले पैसे परत मिळाले नाहीत, ते मी बुडीत खात्यात टाकले. घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर दोन खोल्यांची एक बालवाडी आहे, दारात कडुलिंब आहे, बाई मराठीत गोष्टी सांगतात. जूनपासून नात तिथे जाईल. पहिलीला काय, हा प्रश्न सुटलेला नाही. सूनबाईंची धाकधूक अजून आहे, ती मी नाकारत नाही. पण अंथरूण आता कोरडं असतं, आणि बाहुलीला परवा ती गोष्ट सांगत होती, मराठीत.

एक शेवटचं. पाप तीन प्रकारे लागतं, कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि केलेल्याला माना डोलावलेलं. दुधाचा पेला मी अडवला, ते माझं कृत. बारा हजार भरून क्लासच्या बाईंकडून फुल्या मारवल्या, ते आमच्या घराचं कारित. आणि समाजाच्या ग्रुपवर कुणाचं तरी तीन वर्षांचं लेकरू हात मागे बांधून घडाघडा इंग्रजी उत्तरं देतं, तो व्हिडिओ येतो, आणि आपण सगळ्या टाळ्या पाठवतो. ती आपली अनुमोदना. पर्युषणात चार वर्षांच्या मुलाला स्टेजवर उभं करून भक्तामरचे अठ्ठेचाळीस श्लोक म्हणायला लावतो, ते अडखळलं की आई खालून डोळे वटारते, आणि पहिला नंबर आला की आपण टाळ्या वाजवतो. तीसुद्धा अनुमोदनाच. स्तोत्र ओठांवर आलं की लेकराला धर्म कळला असं होत नाही. आईचे वटारलेले डोळे मात्र त्याला नक्की कळतात.

मी टाळ्या पाठवल्या आहेत, कितीतरी वेळा. यापुढे नाही पाठवणार. तुम्हीही नका पाठवू. पीठ मात्र मर्यादेतलंच वापरा.

जय जिनेंद्र.